वाडी बंद

त्या वर्षी वेळण्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांची कवचं पातळ झाली, आणि वाडीला आनंद झाला. तिसऱ्या धुणं, निवडणं आणि विळीवर एकेक उघडत बसणं म्हणजे बायकांच्या कमरेचं मरण. आता नखाने दाबलं तरी शिंपला उघडत होता. कोणीतरी त्यांना 'पापडी' असं नाव दिलं, ते लगेच रुळलं, आणि घाटावरचे लोकही 'पापडी तिसऱ्या आहेत का?' असं विचारायला लागले. शेजारच्या होडीतली स्वप्नाली गिरकर तर म्हणाली, "देवान बायकांचा गाऱ्हाणा ऐकल्यान बाई एकदाचा!"

हर्षदा कोयंडेनेही त्या पोटभर खाल्ल्या. पुढे ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली. खाडीच्या चिखलावर लक्ष ठेवायचं काम वाडीने तिच्यावरच सोपवलं होतं, आणि चिखल जे सांगत होता ते तिने कांदा-खोबरं घालून खाऊन टाकलं होतं.

जुनं वेळणे गाव पाण्याखाली जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. समुद्र वर आला, माणसं होड्यांवर गेली. त्रेचाळीस कुटुंबं, त्रेचाळीस राहत्या होड्या, सगळ्या खाडीत नांगर टाकून उभ्या. खाडीच्या तोंडाशी लोखंडी सळ्या आणि सिमेंटचा लांबलचक बंधारा होता. त्याच्या आत होड्या, आणि उरलेली जमिनीची एक पट्टी: दवाखाना, शाळा आणि गोड्या पाण्याच्या दोन विहिरी. बंधारा आहे तोवर वेळणे आहे, हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

होडीवर संसार करायचा म्हणजे बॅटरीची मर्जी सांभाळायची. दिवा बॅटरीवर, फ्रिज बॅटरीवर, तळाशी झिरपणारं पाणी बाहेर फेकणारा पंपही बॅटरीवर. बॅटरी अर्ध्याखाली उतरू दिली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून सगळ्यांचा जीव त्या टक्क्यांत अडकलेला. वेळण्यात माणूस भेटला की 'जेवलास काय?' याच्या आधी 'किती टक्के?' असं विचारायची रीत पडली होती. उन्हाळ्यात सौर पत्रे भागवून न्यायचे, पण पावसाचे चार महिने आभाळ उघडायचं नाही. मग डिझेलचा धूर, नाहीतर अंधार.

हर्षदाला अंधार परवडणारा नव्हता. तिचा नवरा रूपेश जुना दर्यावर्दी, पण तरुणपणी मासेमारीच्या जोडीला त्याने फायबरच्या होड्या घासायचं काम केलं होतं, तोंडाला साधं फडकंही न बांधता. ती सगळी पूड त्याच्या छातीत जाऊन बसली होती. साठीच्या आतच त्याला चोवीस तास ऑक्सिजनचं यंत्र लागायला लागलं. ते उशाशी घरघरत असायचं, आणि ते थांबलं की अर्ध्या तासात त्याची नखं निळी पडायची. एका आषाढात सलग नऊ दिवस हर्षदाने होडीतला एकही दिवा लावला नाही. सगळी वीज तिने त्या यंत्राला दिली आणि चाचपडत भाकऱ्या थापल्या.

म्हणूनच एका वीज कंपनीची माणसं 'चिखलनांगर' घेऊन आली तेव्हा सगळ्यांत आधी तिने तो टाकला, आणि दारोदार, म्हणजे होडोहोडी फिरून बाकीच्यांच्या गळीही तिनेच उतरवला.

कल्पना सोपी होती. खाडीच्या चिखलात कुजकट वासाचा गंधक असतो. तिथे केसाहून बारीक दोऱ्यांसारखे जंतू राहतात. ते खोल चिखलातला गंधक खातात, पण त्यांना श्वास वरच्या पाण्यातून घ्यावा लागतो. म्हणून ते एकमेकांना जोडून दोरा करतात आणि खाली खाल्लेल्याची वीज त्या दोऱ्यातून वर पाठवतात. निसर्गात हा दोरा बोटाच्या पेराएवढा. कंपनीच्या प्रयोगशाळेत तो वाढवून वाढवून शेकडो हातांचा केला. नांगराच्या फाळांवर त्याचं विरजण लावलेलं असायचं. फाळ चिखलात रुतले की जंतू भोवताली पसरायचे आणि जमेल तेवढी वीज नांगराच्या साखळीतून वर, होडीच्या बॅटरीत धाडायचे. ऊन नको, वारा नको, डिझेल नको. आपल्या भाषेत शेतकऱ्याच्या नांगराला आणि होडीच्या नांगराला एकच शब्द आहे. वेळण्यात दोन्ही एक झाले होते, आणि पीक विजेचं होतं.

बॅटरी भरली की नांगराची तार आपोआप सुटी व्हायची, नाहीतर बॅटरी फुगून फुटायची. पहिल्या वर्षी भरायला रात्र उलटायची. तिसऱ्या वर्षी सकाळी दहालाच जवळजवळ सगळ्या होड्या शंभर टक्क्यांवर. लोक 'किती टक्के?' विचारायचं विसरले. कंपनीने हर्षदाला शिकवून एक लांब दांड्याचा मीटर दिला होता. चिखलात ठिकठिकाणी खुपसून त्यातून किती प्रवाह वाहतोय ते टिपायचं. ती इमानाने टिपायची. फक्त होड्यांच्या खाली टिपायची, कारण नांगर तिथे होते.

त्या भाद्रपदात आबा तांडेल गेले. नव्वदी ओलांडलेला माणूस, वाडीतला शेवटचा, ज्याने शिडाची होडी हाकली होती. वाडीचा रिवाज असा की तांडेल गेला, जुना दर्यावर्दी गेला, की दिवस मावळेपर्यंत वाडी बंद. होडी हलायची नाही, चूल पेटायची नाही, इंजिनाचा आवाज व्हायचा नाही. गेलेल्याला दर्याचा आवाज ऐकत जाऊ द्यायचं. होड्यांवर राहायला आल्यापासून या बंदमध्ये बॅटरीची बटणंही आली. त्रेचाळीस होड्यांवर फ्रिज, पंखे, पंप, सगळं बंद झालं. फक्त कोयंड्यांच्या होडीवरचं यंत्र चालू राहिलं. हर्षदा संकोचली होती, पण वाडीचा म्होरक्या सुदेश सारंग स्वतः येऊन सांगून गेला, "वयनी, तुमी चालू ठेवा. श्वासाक कसला सुतक?"

चौथ्या दिवशी बंधारा खचला. कोसळला नाही, पण तीन ठिकाणी हातभर खाली बसला आणि भरतीचं पाणी वरून आत यायला लागलं. हर्षदा डोंगी वल्हवत बंधाऱ्याच्या कडेकडेने गेली. पायथ्याचं सिमेंट ओल्या खडूसारखं हाताला लागत होतं. आतल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढुरकी, तलम बुरशी चढल्यासारखी दिसत होती. कोयंड्यांच्या होडीसमोरचा पन्नास हातांचा तुकडा मात्र धडधाकट होता. तिने मीटर बंधाऱ्याच्या बुडाशी खुपसला. तिथे नांगर नव्हता, होडी नव्हती, काहीच नव्हतं. तिथे आकडा शून्य यायला हवा होता. तो एकोणीस आला.

समुद्रविज्ञानाच्या संस्थेतून डॉक्टर ओवी पेडणेकर आली. वय असेल तिशीचं, पण चिखलात गुडघाभर उतरताना तिने क्षणभरही विचार केला नाही. दुपारभर तिने नमुने काढले आणि मग हर्षदाच्या होडीवर, चहाचा कप हातात तसाच धरून बसली.

"काकू, तिसऱ्यांची कवचं कधीपासून पातळ झाली?"

"दोन वर्षां झाली असतीत. कशाक?"

"हे दोरे जिथून वीज काढतात तिथला चिखल आंबतो. आंबट चिखलात चुना विरघळतो. शिंपल्याचा चुना, तसाच सिमेंटचा."

"पण नांगर तर हय आसत. बंधारो केवढो लांब!"

"बॅटरी भरली की काय होतं?"

"तार सुटता."

"तार सुटते, काकू. जंतूंचं खाणं सुटत नाही." ओवीने कप खाली ठेवला. "वीज द्यायला जागा मिळाली नाही तर हे जंतू मरतात. म्हणून ते जागा शोधत जातात. लोखंड हवं, आणि त्याचं एक टोक चिखलात, एक टोक वर हवेला. बंधाऱ्यात अशा हजारो सळ्या आहेत. तीन वर्षं रोज तुमच्या बॅटऱ्या भरत होत्या आणि तार सुटली की रोज ते थोडे थोडे तिकडे सरकत होते. आबा गेले तेव्हा तुम्ही अख्खा दिवस सगळं बंद ठेवलंत."

यंत्र घरघरत होतं. आतून रूपेशने खोकून विचारलं, "आणि आमच्या समोरचो तुकडो?"

"तुमची बॅटरी कधी भरतच नाही, काका. या यंत्रामुळे. म्हणून तो वाचला."

हर्षदाने वाकून नांगराच्या साखळीकडे पाहिलं. आबांचा मान राखायला म्हणून जे केलं, त्यानेच बंधारा खाल्ला होता. आणि नांगर घरोघर कोणी पोचवला होता? तिने.

"मगे नांगरच उचलतो सगळे," ती म्हणाली. "आजच्या आज उचलतो."

"उचललेत तर सगळीच्या सगळी वीज बंधाऱ्यात जाईल." ओवी तिच्याकडे बघायचं टाळत होती. "आता एकच करता येईल. त्यांना तुमच्याकडे ओढून धरायचं. बॅटऱ्या भरू द्यायच्या नाहीत. यावर औषध शोधू आम्ही, पण दोन वर्षं तरी जातील."

जन्मभर बॅटरी उतरू नये म्हणून जीव टाकणाऱ्या माणसांना आता ती भरू नये म्हणून जीव टाकायचा होता. आधी त्यांना हसू आलं. फुकटची वीज उधळायची, यात काय जड आहे? पाण्यात हीटर सोडले, दिवसाढवळ्या दिवे लावले. महिनाभर बंधाऱ्याखालचा आकडा शून्यावर राहिला. मग एके दिवशी तो दोन झाला. हर्षदाने ओवीला फोन लावला.

"तुम्ही घेताय म्हणून ते वाढतायत, काकू. विरजणासारखंच आहे. जितकं काढाल तितकं उद्या जास्त तयार."

"मगे काय करूचा?"

"अजून घ्या," ओवी म्हणाली, आणि तिचा आवाज चोरट्यासारखा झाला.

मग इस्त्र्या आल्या, गिझर आले. पंप खाडीतलं पाणी उचलून खाडीतच ओतायला लागले. हीटर होते त्याच्या चौपट झाले. मिक्सर रिकामे फिरत राहिले, जळले की नवे लागले. होडी-होडीवर पाळ्या ठरल्या. वेळण्यात आता कोणी हळू बोलत नसे, कारण ऐकूच येत नसे. पोरं शाळेतही ओरडून बोलायची. तिसऱ्यांची कवचं तर केव्हाच विरघळून संपली होती. चिखलात हात घातला की नुसतं मऊ मांस बोटांना लागायचं, आणि बायका हात झटकून उठायच्या. रोज संध्याकाळी हर्षदा आकडा सांगत फिरायची. शून्य म्हटलं की लोक देवाला हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशीसाठी आणखी एखादं यंत्र जोडायचे.

रूपेश यात खंगत गेला. यंत्राची घरघर त्याला आधीपासून नकोशी होती, आता तर त्रेचाळीस होड्यांची घरघर त्याच्या उशाशी येऊन बसली होती. वर घाटात लेकीकडे जाऊन राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. तो हटला नाही. पाण्यावर जन्मलेला माणूस डोंगरावर मरायला का जाईल?

फाल्गुनात एका सकाळी त्याने हर्षदाला जवळ बसवून घेतलं. बोलायला त्याला दर तीन शब्दांना थांबावं लागे.

"गो, येक मागतंय. दिशीत?"

"सांगा तरी."

"मी जातलंय, तेवा वाडी बंद ठेव. आबाक ठेयली तशी." तो थांबला. "सात वर्षां झाली... माका पाणी आयकाक नाय येवक. होडयेक लागता ना, ता. चुबुक चुबुक. ता आयकत जातलंय."

हर्षदाला ठाऊक होतं की हे होणं नाही. एक दिवस काय, एक दुपारसुद्धा परवडणार नव्हती. तिने त्याचा हात हातात घेतला. हाडं आणि कातडी, बाकी काही उरलं नव्हतं.

"ठेवतलंय," ती म्हणाली.

नवऱ्याशी ती आयुष्यात फारसं खोटं बोलली नव्हती. हे बोलली, आणि तो इतका निवांत झाला की तिला स्वतःची शरम वाटली आणि बरंही वाटलं.

चैत्रात, सकाळी दहाच्या सुमाराला, तो गेला. पेजेचा वाडगा घेऊन ती आली तेव्हा यंत्र नाकात हवा सोडत होतं आणि ती घेणारं कोणी नव्हतं. तिने वाडगा खाली ठेवला. नळी काढली, त्याचं तोंड पुसलं, डोळे मिटले. मग बाहेर येऊन स्वप्नालीला हाक मारली. हाक कसली, ओरडलीच.

बातमी होडी-होडी करत गेली आणि तिच्यामागून शांतता आली. आधी गिरकरांचा पंप थांबला. मग सारंगांचे मिक्सर, पलीकडच्या इस्त्र्या, गिझर, हीटर. कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलं नाही. रूपेशने मागितलेलं हर्षदाने कोणाला सांगितलंच नव्हतं. पण जुना दर्यावर्दी गेला होता आणि वाडीचे हात आपोआप बटणांकडे गेले होते. सुदेश सारंग डोंगीतून आला, डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

"वयनी, आमका ठाऊक आसा सगळा. पण रूपेशदादाक असो कसो धाडूचो, मिक्सरांच्या आवाजात? येक दिवस गो. येका दिसान काय बुडता?"

हर्षदा माघारी वळली. ती आत आली आणि रूपेशच्या उशाशी बसली. हात लांब करून तिने ऑक्सिजनचं यंत्र बंद केलं.

आणि पाणी ऐकू आलं. होडीच्या कुशीला लागणारं, चुबुक, चुबुक, मध्येच थांबून पुन्हा चुबुक. लांब कुठेतरी बगळा ओरडला. तिला वाटलं होतं त्याहून ते कितीतरी गोड होतं. ती रडली नाही. नवऱ्याचा हात धरून ऐकत बसली, आणि कितीतरी महिन्यांनी तिला सुख झालं.

मीटर समोरच भिंतीला टांगलेला होता. बंधाऱ्याखाली कायमचा खुपसून ठेवलेल्या दांड्याचा आकडा आता तारेवरून घरातच दिसायचा. शून्य होतं. मग एक झालं. तिने नजर वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा सहा होतं. तिने मनात म्हटलं, आणखी थोडं, त्याला ऐकू दे आणखी थोडं. अकरा. सतरा. बाहेर बायका हळू आवाजात बोलत होत्या, आणि इतक्या महिन्यांनी हळू बोलणं ऐकताना तिला त्यांचे आवाज ओळखू येत नव्हते. एकवीस. आबांच्या वेळी एकोणीस होतं, तेही चौथ्या दिवशी.

तिने सव्वीसपर्यंत वाट पाहिली. तेवढंच ती देऊ शकत होती.

मग ती उठली, बाहेर आली. डोक्यावरचा पदर खाली पडला होता. त्रेचाळीस होड्यांवर माणसं उभी होती, हात जोडून, माना खाली घालून.

"लावा!" ती ओरडली. "मिक्सर लावा! पंप लावा!"

कोणी हललं नाही. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांना वाटलं असावं. स्वप्नाली रडत तिला धरायला पुढे आली.

"हात लावू नको माका! आधी पंप लाव! सव्वीस झाले, सव्वीस! ह्येच्यासाठी शाळा बुडवतलात? दवाखानो बुडवतलात? लावा म्हणतंय ना!"

सुदेशने आकडा ऐकला आणि टोपी डोक्यावर घातली. त्याने डोंगी वळवली आणि जाता जाता एकेका होडीला ओरडून सांगत गेला. गिरकरांचा पंप लागला. मग मिक्सर. मग बाकीचे. ओरडत, घरघरत वाडी पुन्हा उठली. अंगावर शहारा यावा असा तो आवाज होता आणि तो तिनेच मागून आणला होता.

हर्षदा आत येऊन मीटरसमोर उभी राहिली. आकडा उतरायला लागला. वीस, चौदा, नऊ. पाच. पाचावर तो थांबला. तिने भिंतीवर थाप मारली, तार हलवून पाहिली. बाहेर जाऊन प्रत्येक होडीवर सगळं चालू आहे ना ते ओरडून विचारून आली. सगळं चालू होतं. आता लावायला आणखी काही उरलं नव्हतं. आकडा पाच होता आणि थोड्या वेळाने तो सहा झाला.

एकच यंत्र बंद होतं. ती रूपेशच्या उशाशी गेली आणि ते तिने चालू केलं, कळ शेवटपर्यंत फिरवून. मोकळी नळी चटईवर फुसफुसत वळवळायला लागली. मग ती त्याच्या कानाशी वाकली आणि, साध्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नसतं म्हणून, जीव खाऊन ओरडून तिने त्याची माफी मागितली.